फ्लॅटमध्ये इलेक्ट्रॉनिक ड्रम किट : किकच्या दणक्याचं काय करायचं?

मंडळी, मी सांगलीत, विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर राहतो. ऑर्केस्ट्रात आणि गणपतीत बँजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवतो. आठ पॅड, दोन स्टिका, सगळं उभ्या-उभ्या. हात बऱ्यापैकी चालतो, पायाला मात्र कधी कामच पडलं नाही. आता किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि हायहॅट (पायानं उघड-झाक होणारी झांजांची जोडी) यांच्यासकट बसून नीट ड्रम शिकायचेत. बजेट ५०,००० च्या आसपास, सेकंडहँड चांगलं मिळालं तरी चालेल.

मिरजेत सतारमेकर गल्लीत सतारी-तंबोरे हवे तेवढे, पण असलं किट हाताखालून घालायचं तर कोल्हापूर नाहीतर पुणं. दुकानात यामाहा डीटीएक्स४०२के वाजवून पाहिलं. पॅड रबरी, टकटक बरीच. किक बिनबीटरची, म्हणजे पेडलवर ड्रमला आपटणारी दांडी नाही, नुसतं पेडल दाबायचं. दुसरा पर्याय अलेसिस नायट्रो मॅक्स : स्नेअर-टॉमला (स्टिकनं वाजवायच्या ड्रमना) रबराऐवजी ताणलेली जाळी, किकला उभा टॉवर आणि खरा बीटर. दुकानदार म्हणाला, "हेडफोन लावा, शेजाऱ्याला पत्तासुद्धा लागणार नाही." मला काही ते पटलं नाही. खालचे काका स्वभावानं भले आहेत, पण आमच्याकडं चटणीला शेंगदाणे कुटायला घेतले तरी वर येऊन बघून जातात.

तर जाळी घ्यावी की रबर? आणि बीटरची किक फ्लॅटमध्ये निभेल का? कुणी वापरत असेल तर सांगा. ब्लूटूथ इअरफोन चालतात का, हेही.

प्रतिसाद

दादा, दुकानदार अर्धंच खरं बोलला. पॅडची टकटक हवेतून जाते, दार लावलं की बरीचशी अडते. किकचा दणका फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो, तिथं हेडफोन काय करणार? नुसत्या सतरंजीनंही भागत नाही, किट सरकायचं तेवढं थांबतं.

मी दोन प्लायच्या मधे टेनिस बॉल बसवलेत. बॉल अडीच इंचाच्या थोडा वर असतो, खालच्या प्लायला दोन इंचाची भोकं पाडायची, म्हणजे बॉल घरंगळत नाही. किकखाली आणि स्टुलाखाली जास्त बॉल, वजन तिथंच येतं. स्टूलही प्लायवरच ठेवायचं. नवे बॉल कशाला, ग्राउंडवरच्या पोरांकडनं जुने मागून आणा. दणका पूर्ण जात नाही, पण बराच उतरतो.

किक बीटरचीच घ्या. बिनबीटरच्या पेडलवर तयार झालेला पाय खऱ्या ड्रमवर अडखळतो, आणि पुढं डबल पेडल (दोन्ही पायांनी किक वाजवायचं) लावायचं मनात आलं तर लावणार कुठं? जाळीचा ताण चावीनं कमी-जास्त करता येतो. मात्र जाळीवर स्टिक आपोआप उसळते, रोल (सलग जलद ठोके) फुकटात आल्यासारखे वाटतात, म्हणून ऑक्टापॅडचा रियाज सोडू नका.

हेडफोन वायरचाच, कान पूर्ण झाकणारा. मॉड्यूलवरचं (किटचा आवाज काढणाऱ्या डब्यावरचं) ब्लूटूथ मोबाइलवरचं गाणं आत घ्यायला असतं. ब्लूटूथ इअरफोनवर आपलाच ठोका उशिरा ऐकू येतो, लय पार बिघडते.

सेकंडहँड बघताना हायहॅटचं पेडल अर्धवट दाबून वाजवा, बिघाड बहुतेक तिथंच सापडतो. आणि प्रत्येक पॅडवर हळू ठोका मारून बघा, जोरात मारल्यावर काय, सगळेच वाजतात.

धागाकर्ता

लई भारी, आभारी आहे! बीटर नक्की. प्लाय किती एमएमचा घेतलात? १२ चा घरात पडून आहे.

प्रतिसाद

१२ चा वर टाकू नका, मधोमध झोका घेतो. खालीही नको, वजन आलं की बॉल भोकातून फरशीला टेकतो आणि सगळा खटाटोप वाया. मी दोन्ही १८ चे घेतलेत, भोकं सुताराकडनं पाडून घेतली.