नगरसेवकांनी ठेकेदाराच्या खर्चाने दौऱ्यावर जाण्याबाबत मदत हवी आहे

मी एका नगरपरिषदेचा सदस्य असून, घनकचरा प्रक्रियेच्या निविदेत उतरू पाहणाऱ्या एका कंपनीने आम्हा सदस्यांना परराज्यातील प्रकल्प पाहण्यासाठी विमानप्रवास व मुक्काम देऊ केला आहे. निविदा अद्याप निघालेली नाही. मी जाणार नाही, मात्र सहकाऱ्यांपुढे नेमका नियम ठेवायचा आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 मधील कलम 16 (अनर्हता) व कलम 42 (सदस्यास पदावरून दूर करणे) मी वाचले आहे; नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 नुसार लोकसेवक ठरतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निर्णयही पाहिला आहे. 1979 चे वर्तणूक नियम सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असल्याने त्यांचा आधार घेता येत नाही. मुख्याधिकाऱ्यांनी तोंडी सल्ला दिला, पण तो पुरेसा वाटत नाही. लोकनियुक्त सदस्यांनी स्वीकारायच्या भेटी व प्रवासखर्चाबाबत नगरविकास विभागाचा बंधनकारक शासन निर्णय आहे का, आणि असल्यास त्याचा क्रमांक व दिनांक कोणी सांगू शकेल का?