पेनिसिलिनच्या टाक्या आणि मार्गारेट हचिन्सन

पेनिसिलिन या प्रतिजैविक औषधाचं श्रेय ते शोधणाऱ्या फ्लेमिंगचं, की त्यातून वापरता येईल असं औषध घडवणाऱ्या फ्लोरी-चेन यांचं, यावर नेहमी जुंपते. त्यात इंजिनिअर मंडळी नेहमीसारखी राहूनच गेली. मार्गारेट हचिन्सन रूसो हे नाव घ्यायलाच हवं. जन्म टेक्सासचा, १९३७ साली एमआयटीतून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट. अमेरिकेत या विषयात ती मिळवणारी पहिली स्त्री.

सुरुवातीला पेनिसिलिन देणारी बुरशी उथळ भांड्यांत, द्रवावर साय धरावी तशी वाढवत. ऑक्सफर्डमध्ये तर चक्क बेडपॅन वापरले! दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींना असं किती पुरणार? म्हणून बुरशी टाकीत, द्रवाच्या आत वाढवायचं ठरलं. बुरशीला हवा हवी, तीही निर्जंतुक, आणि सतत ढवळत राहायला हवं. ढवळलं की फेस येतो. मध्येच एखादा परका जंतू शिरला की सगळा घाणा वाया. ब्रुकलिनच्या फायझर कारखान्यात १९४४ मध्ये अशा १४ टाक्या होत्या, प्रत्येकी साधारण २८ हजार लिटरच्या.

पेनिसिलिनच्या पहिल्या व्यावसायिक कारखान्याच्या आराखड्याचं काम हचिन्सनबाईंनी पाहिलं. एकट्यानं नव्हे, हे खरं. अमेरिकेतल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेनं मका भिजवलेलं दाट पाणी बुरशीचं खाद्य म्हणून वापरून उत्पादन वाढवलं नसतं तर टाक्या असून उपयोग नव्हता. पण वायू द्रवात कसा शोषला जातो, हाच बाईंच्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे नेमकी अडलेली गोष्ट!

१९४५ साली अमेरिकन केमिकल इंजिनिअर्सच्या संस्थेनं पहिली स्त्री-सदस्य म्हणून त्यांना घेतलं. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये, तीही याच टाक्यांच्या वाटेनं.