मदत हवी आहे : ‘मजा’ की ‘मज्जा’? (तातडीचं)

तर्रीबाज : ‘मजा’चा मूळ अर्थ चव असा आहे का? ‘मज्जा’ लिहिलं तर अर्थ बदलतो का? सासरे अडून बसलेत. अर्ध्या तासात सांगा प्लीज.

चिंचगूळ : कशासाठी हवंय? गृहपाठ, पैज की कविता? आणि सासरे कशावर अडलेत?

पोथीनिष्ठ : मज्जा शुद्ध संस्कृत. मज्जारज्जू ऐकलं नाहीत? हाडापर्यंत पोचतो तो आनंद म्हणजे मज्जा. उगाच फारसीची जबरदस्ती नको.

जुनी वही : काका, ‘जबरदस्ती’ कुठली हो? संस्कृत मज्जा म्हणजे हाडाच्या नळीत असतं ते, सप्तधातूंपैकी एक. मोठ्यानं म्हणून बघा : मज्जासंस्थेतला ज ‘जीव’सारखा, गमतीच्या मज्जेतला ‘जरा’सारखा. आपली मजा फारसीतून आली आणि तिकडे तिचा अर्थ चवच. इराणी माणूस आजही जेवण आवडलं की ‘खोशमझे’ म्हणतो, बेचव निघालं तर ‘बीमझे’. तुर्की जेवणातल्या ‘मेझे’च्या बशा याच घरातल्या. मराठीत ती जिभेवरून सगळ्या अंगात पसरली. जोडाक्षर म्हणाल तर लाडानं ज दाबतो आपण, बाकी काही नाही.

वऱ्हाडी ठेचा : आमच्याकडे मजा ‘येतो’. पुण्यात ‘येते’. हे आधी मिटवा.

तर्रीबाज : अहो येतो-येते राहू द्या! मिसळीचं दुकान आहे, शटरवर ‘मज्जा मिसळ’ रंगवायचंय. सासरे म्हणतात, शाकाहारी दुकानावर हाडाचं नाव? पेंटरनं ‘म’ काढून ठेवलाय, पुढचा ज अर्धा की पूर्ण एवढ्यासाठी थांबलाय.

चिंचगूळ : हे पहिल्यांदाच सांगायचं ना!

कांदाभजी : पेंटर कशाला, फ्लेक्स लावा. आणि मटकीला मोड दोन दिवसांचेच हवेत, जास्त झाले की कडवट लागते. माझं ऐकाल तर नाव ‘लज्जत’ ठेवा.

जुनी वही : लज्जतीची गंमत उलटी. अरबीत तिचा अर्थ सुख, मराठीत येऊन ती चव झाली. मजा चवीकडून सुखाकडे गेली, लज्जत सुखाकडून चवीकडे. वाटेत भेटल्या असतील दोघी.

पोथीनिष्ठ : मग ‘रुची’ का नको? रुच् म्हणजे शोभणं, आवडणं. अस्सल आपलं.

वऱ्हाडी ठेचा : ‘रुची मिसळ’ म्हणजे पथ्याची वाटते काका.

तर्रीबाज : पूर्ण ज काढायला सांगितला. ‘मजा मिसळ’. सासऱ्यांना खोशमझेवालं वाचून दाखवलं. हाडाचं पटलं, पण आता म्हणतात मिसळीला फारसी नाव कशाला. पेंटर दुसरा चहा मागतोय.