मदत हवी आहे: अलास्कात ब्रिस्टल बेला सॅमनच्या बोटीवर जातोय

नमस्कार मंडळी, मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या सिएटलला. ग्रीनकार्ड आहे. जूनमध्ये मित्राच्या बोटीवर तिथल्या नॅकनेक गावी ड्रिफ्ट गिलनेटसाठी (पाण्यात वाहतं सोडलेलं, मासे कल्ल्यांत अडकवणारं जाळं) क्रू म्हणून जातोय. क्रू लायसन्स काढलंय, बोट ३२ फुटांपेक्षा मोठी चालत नाही आणि एका परमिटला जाळं १५० फॅदम, म्हणजे आपल्या भाषेत १५० वाव, एवढं कळलं.

अडतंय ते ओपनिंगपाशी, म्हणजे मासेमारी खुली असण्याच्या वेळेपाशी. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी, तारीख ठरलेली. तिथे नदीत चढणारे मासे टॉवरवरून मोजतात आणि पुरेसे वर गेले की तिथलं मत्स्य खातं ओपनिंग जाहीर करतं, कधी काही तासांचंच. मग बंद व्हायच्या वेळेला जाळं पूर्ण बोटीत हवं ना? समजा शेवटची वीस वाव पाण्यात आहेत, बोये तरंगतायत, सॉकाय (सॅमनची एक जात) अडकलेत आणि हायड्रॉलिक रील जॅम झालं तर काय करायचं? आणि डिस्ट्रिक्ट (मासेमारीचा ठरवलेला विभाग) बदलला की ४८ तास थांबावं लागतं, ते नक्की कधीपासून मोजतात?

कुणी स्वतः तिथे काम केलं असेल तर प्लीज सांगा, माझ्या चुकीने मित्राला दंड व्हायला नको, त्याचं वर्षाचं पोट या सहा आठवड्यांवर आहे.