डेटा मॉडेलमध्ये ‘इतर’ हा वर्ग असावा का?

धंतोलीकर: नागरी तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर बनवतोय, नागपूरपुरतं. तक्रारीच्या प्रकारांत ‘इतर’ नकोच, असं माझं ठाम मत आहे. तो पर्याय दिसला की नोंदवणारा यादी वाचतच नाही. पडलेलं झाड, चेंबरचं तुटलेलं झाकण, नाग नदीकाठचा कचरा, सगळं ‘इतर’मध्ये. मग पाठवायचं कोणत्या विभागाकडे? यादी नीट करा आणि रकाना सक्तीचा ठेवा.

वर्धारोड_मेघा: सक्ती काहून करता भाऊ? यादीत नसलेली तक्रार घेऊन आलेला माणूस वरचा पहिला पर्याय दाबतो. ‘इतर’मधला ढीग निदान दिसतो. ‘रस्ते’मध्ये चुकून बसलेली नोंद शोधणार कशी?

धंतोलीकर: दिसतो, पण उपसतं कोण? आयसीडी-१० ही आजार आणि मृत्यूच्या कारणांना कोड देणारी जागतिक आरोग्य संघटनेची यादी, तिच्यात मृत्यूचं कारण अज्ञात असेल तर आर९९ हा कोड आहे. तो सर्रास पडू लागला की कोणत्या आजारावर पैसा लावायचा, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

मेडिकल_चौक: मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. आयसीडी-१० मध्येच तोडगा आहे. बऱ्याच गटांत शेवटी .८ म्हणजे निदान झालंय पण त्याला वेगळा कोड नाही, आणि .९ म्हणजे तपशीलच लिहिलेला नाही. .८ वाढले तर यादी वाढवायची, .९ वाढले तर केसपेपर डॉक्टरांकडे परत. तुम्ही दोन्ही एकाच डब्यात टाकताय, खरी गडबड ती आहे.

गोंडखैरी_रोड: विदर्भात बसून जनगणना विसरू नका. २०११ मध्ये सहा धर्मांना संकेतांक होते, बाकीच्यांनी नाव लिहायचं होतं. ‘इतर’मध्ये ७९ लाखांवर लोक आले. नावं लिहून घेतली म्हणूनच त्यांत सरना हा आदिवासी धर्म लिहिणारे ४९ लाखांवर आणि धर्म म्हणून गोंड लिहिणारे १० लाखांवर, हे कळलं. सहातच निवडा म्हटलं असतं तर ही माणसं कागदावरून पुसली गेली असती.

धंतोलीकर: त्याच जनगणनेत मातृभाषांची १९,५६९ नावं आली होती. त्यांतली १,४७४ ‘अवर्गीकृत’ ठरून ‘इतर’मध्ये गेली. तिथं नाव लिहूनही काय मिळालं?

गोंडखैरी_रोड: मूळ नोंद राहिली. उद्या कोणी वर्गवारी पुन्हा केली तर ती नावं हाताशी आहेत.

धंतोलीकर: बरं, ‘यादीत नाही’ आणि ‘माहिती नाही’ असे दोन पर्याय ठेवतो. पहिल्यात वर्णन सक्तीचं. पण दर महिन्याला ते वाचणारा माणूस करारात नसेल, तर मी ते पर्याय बंदच ठेवणार.

वर्धारोड_मेघा: मग आधी तो माणूस करारात घाला. बंद ठेवायला माझा विरोध कायम आहे.