अ‍ॅक्रिटार्क : अज्ञात, संदिग्ध की अनिर्णीत?

प्रश्न (वणीहून)
शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता करतोय. आमच्याकडचा पैनगंगा गटाचा चुनखडक जुन्या समुद्रात साचलेला. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो, बाजूच्या काळ्या फत्तराला ढिम्म काही होत नाही, पोरं खूश. असे खडक आम्लात विरघळवून उरलेल्या गाळात जे सूक्ष्म जीवाश्म शोधतात, त्यातल्या अ‍ॅक्रिटार्कना (कोणत्या जीवाची हे न ठरलेली बारीक कवचं) मराठीत काय म्हणावं? मी ‘अज्ञातकुल शैवाल-जीवाश्म’ लिहिलंय.

उत्तर
सर, दोन ठिकाणी अडतं. ‘कुल’ हा वर्गीकरणात फॅमिलीसाठी रुळलेला शब्द. इथे तर वनस्पती की प्राणी इथूनच वांधा. आणि ‘शैवाल’ म्हटलं की निकाल लावून मोकळे झालो. बहुतेक कवचं एकपेशीय शैवालांच्या पुटींची (सिस्ट, म्हणजे सुप्तावस्थेतलं टणक आवरण) असावीत, पण काही जुनी काटेरी कवचं प्राण्यांच्या अंड्यांची असावीत असंही मत आहे.

शब्द विल्यम एविट यांनी १९६३ मध्ये घडवला. ग्रीक ‘अक्रितोस’ म्हणजे निवाडा न झालेला, ‘आर्खे’ म्हणजे उगम. त्याआधी काटेरी गोळ्यांना सरसकट हिस्ट्रिकोस्फिअर म्हणत. हिस्ट्रिक्स म्हणजे साळिंदर, आपली सायाळ! त्यातले बरेच डायनोफ्लॅजेलेट या पाण्यातल्या एकपेशीय जीवांच्या पुटी निघाले. जे मागे उरले त्यांची ही मोट. म्हणून पोटगट पाडले तेही आकारावरून: काटेरी, गुळगुळीत गोल, चातीसारखे. नात्यावरून नाही.

उत्तर
म्हंजे कोंडवाडा म्हना ना भाऊ! कोनाचं ढोर हाय ते ठरत नाही तवरिक आत. मालक आला का सोडून न्यायचं. कोंडवाड्यातली ढोरं एका गोठ्यातली थोडीच असतात?

उत्तर
उपमा चपखल. टास्मानाइटीस नावाचा सूक्ष्म जीवाश्म असाच आत होता; पुढे हिरव्या शैवालांनी ओळख पटवून नेला. म्हणूनच ‘अज्ञात’ नको. अज्ञात म्हणजे काहीच माहीत नाही. इथे आकार, भिंत, काटे, वय सगळं माहीत. निवाडा तेवढा बाकी. ‘संदिग्ध’ म्हणजे दोन अर्थांत घोटाळलेलं, तेही बसत नाही. ‘अनिर्णीतमूल’ घ्या. आणि ‘णी’ दीर्घ बरं! निर्णयावरून निर्णीत. सामन्याच्या बातम्यांत ऱ्हस्व छापतात, ती चूक.

प्रश्नकर्ता
‘अनिर्णीतमूल सूक्ष्मजीवाश्म’ पक्कं केलं, खाली ‘अ‍ॅक्रिटार्क’ही ठेवलं. कोंडवाड्याचं चित्र सातवीतली पोरगी काढतेय, दारात सायाळ उभी. फक्त पेंटरनं काल रात्रीच ‘णि’ ऱ्हस्व रंगवून टाकलाय, तेही ऑइलपेंटनं. आता टर्पेंटाइन शोधतोय.