प्रश्न चाऱ्याचा नाही, लांडग्यांचा

'कळप लहान, म्हणजे चारा कमी' हे स्थलांतर न करणाऱ्या वनवासी कॅरिबूंना (उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरांना) सहसा लागू पडत नाही. त्यांचा चारा असलेलं दगडफूल भरपूर असलं तरी ते मुद्दाम विरळ राहतात. विणीच्या वेळी माद्या एकेकट्या दलदलीत नाहीतर बेटांवर जातात. सगळा खटाटोप लांडग्यांपासून लांब राहायचा.

उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या विशाल तलावातलं मिशिपिकोटन बेट पाहा. १९८२ मध्ये त्याच तलावातल्या स्लेट बेटांवरून आणून सोडलेले मोजके कॅरिबू तिथे काहीशेंवर गेले. २०१४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तलाव गोठला, लांडगे बर्फावरून चालत आले आणि चार वर्षांत कळप जवळजवळ संपला. २०१८ च्या जानेवारीत उरल्यासुरल्यांपैकी काहींना हेलिकॉप्टरने हलवलं, तेही (गंमत बघा) पुन्हा स्लेट बेटांवरच!